साडू, लाडू आणि परात

बायकोच्या माहेरचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मला त्यात न विचारता घेतलं. लग्नाच्या वेळी निदान विचारलं होतं. त्या ग्रुपमध्ये जावयाला दोनच कामं: कुणाचा वाढदिवस असला की केकचं चित्र टाकायचं आणि सासूबाईंच्या 'शुभ सकाळ'ला हात जोडायचे. बाहेर पडायची सोय नाही. 'अमुक यांनी ग्रुप सोडला' ही ओळ माझ्या सासुरवाडीत, म्हणजे चाळीसगावात, पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात वाचून दाखवली जाईल.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी रात्री पावणेअकराला आमच्या साडूभाऊंनी तिथे एक व्हिडिओ टाकला. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का वर होताच. त्यात एक गृहस्थ घंगाळात पाणी ओतून विचारत होते की, पाणी कधी वाकलेलं पाहिलंय का? पाणी सपाट, समुद्र म्हणजे पाणी, म्हणून समुद्र सपाट, म्हणून पृथ्वी सपाट. खाली साडूभाऊंची स्वतःची एकच ओळ होती: 'विचार करायला हरकत नाही.'

हे वाक्य ज्याने म्हटलं त्याचा विचार करून झालेला असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं. पण मी लिहून गेलो, 'पृथ्वी गोल आहे हो.' त्यातल्या 'हो'ने घात केला. नुसतं 'पृथ्वी गोल आहे' ही माहिती झाली असती. 'गोल आहे हो' हा साडूचा अपमान झाला.

साडू हे नातं मराठीत नीट लिहिलंच गेलेलं नाही. भावाशी भांडण झालं तर वाटण्या होतात, मेव्हण्याशी झालं तर बायको मध्ये पडते. साडूशी भांडायला काही कारणच नसतं, आणि म्हणूनच ते कधी मिटत नाही. दोन परके पुरुष, एकाच सासऱ्याच्या तराजूत आयुष्यभर समोरासमोर बसलेले. एकाने फ्लॅट घेतला की दुसऱ्याचं पारडं आपोआप वर जातं. आमचे साडूभाऊ मोठे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते, तीस वर्षं पाइपलाइनी टाकल्या, आता नाशकात निवृत्त आहेत आणि रोज पहाटे योगासनं करतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासले. पाणी या विषयावर त्यांच्याशी वाद घालायचा मला अधिकार नव्हता, हे मान्य.

"साडूभाऊ," त्यांनी लिहिलं, "तीस वर्षं पाण्याची पातळी काढली. पाणी आपली पातळी शोधतं. वाकत नाही. तुमच्याकडे पुरावा काय?"

इथे मला पहिला धक्का बसला. माझ्याकडे पुरावाच नव्हता. मी तिसरीपासून पृथ्वी गोल मानत आलो ते बाईंनी सांगितलं म्हणून. पुस्तकात पृथ्वी संत्र्यासारखी होती आणि समजावताना बाईंच्या हातात मोसंबी होतं. पुढे भूगोलात पुरावे आले. दूरच्या गलबताचं आधी शीड दिसतं, मग गलबत दिसतं, म्हणून पृथ्वी गोल. चार गुण. हे मी परभणीत पाठ केलं, जिथून समुद्र बघायचा तर एक रात्र एसटीत काढावी लागते. वर्गातल्या एकानेही गलबत पाहिलं नव्हतं, बाईंनीही नाही. आम्ही सगळे पुस्तकाच्या शब्दावर गोलवाले होतो. साडूभाऊ घंगाळाच्या शब्दावर सपाटवाले झाले, एवढाच फरक. त्यांनी निदान घंगाळ तरी पाहिलं होतं.

पण रात्री बाराला हे कोण कबूल करतं?

मी त्यांच्या चिरंजीवांना मध्ये ओढलं. चिरंजीव न्यू जर्सीत आहेत. "त्याचा फोन येतो तेव्हा इथे संध्याकाळ आणि तिथे सकाळ असते ना? पृथ्वी परातीसारखी असती तर सगळीकडे एकदमच उजाडलं असतं." मला वाटलं, झालं काम. पाच मिनिटांत उत्तर आलं. सूर्य फार मोठा नाहीच मुळी. तो परातीच्या वर गोल गोल फिरणारा दिवा आहे. ज्याच्यावर उजेड पडतो त्याचा दिवस, बाकीच्यांची रात्र. लोडशेडिंगमध्ये उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला ही व्यवस्था पटायला काय वेळ लागतो? एका फीडरवर चालू, दुसऱ्यावर बंद.

मग परातीचा नकाशा आला. बरोबर मध्ये उत्तर ध्रुव, भोवती सगळे खंड, आणि अंटार्क्टिका म्हणजे परातीचा काठ. बर्फाची उंच भिंत, समुद्र सांडू नये म्हणून. मी खवचटपणे विचारलं की भिंत गळत नाही का? पाणीपुरवठ्याच्या माणसाला हे विचारायला नको होतं. गळतीवर त्यांचे बावीस संदेश आले, आणि खरं सांगायचं तर त्यातले वीस फार माहितीपूर्ण होते.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनिशी उतरलो. आकडे फेकले. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांमधून १२,७१४. म्हणजे सुमारे ४३ किलोमीटरांनी ती वरून-खालून किंचित दबलेली आहे, डब्यात दाबून भरलेल्या लाडवासारखी. साडूभाऊंनी त्यातला एकच शब्द उचलला. "म्हणजे चपटी! चपटी हा शब्द तुमच्याच पुस्तकातला. किती चपटी एवढ्यावरच मतभेद आहे आपला." ग्रुपवर सात अंगठे पडले. तेव्हापासून माहेरात दोन पक्ष झाले, लाडूवाले आणि परातवाले. मेव्हण्याने मतदान घेतलं. परात जिंकली, कारण मतदान सुरू असताना माझी बायको कुकर लावत होती.

मी भास्कराचार्यांना आणलं. घरचाच माणूस, जवळजवळ चाळीसगावचाच म्हणायचा. तिथून जवळ पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. १८६५ साली भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. माझ्या सासुरवाडीची माणसं दर वर्षी देवीला जातात, त्या शिलालेखावरून पुढे जातात आणि भंडाऱ्यात जेवून परत येतात. मी लिहिलं की ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात तुमच्या घंगाळाला उत्तर दिलेलं आहे. कुठल्याही वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी अवाढव्य आणि माणूस चिमुकला, म्हणून जिथे उभा राहील तिथून त्याला ती सपाट वाटते. शिवाय पलीकडच्या बाजूची माणसं, पाण्यातल्या सावलीसारखी आपल्या उलटी असली तरी, आपल्याइतकीच निवांत असतात, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

साडूभाऊंनी शांतपणे विचारलं, "त्या शिलालेखात लिहिलंय का पृथ्वी गोल म्हणून?"

लिहिलेलं नाही. मठाला कुणी काय दान दिलं ते लिहिलंय. मी गप्प बसलो. साडूभाऊंनी पाटणादेवीचा फोटो टाकला आणि खाली सगळ्यांनी हात जोडले. देवीच्या फोटोखाली मलाही जोडावे लागले. दुरून बघणाऱ्याला ती शरणागतीच वाटली असणार.

या वेळी मामेसासरे उतरले. प्रत्येक घराण्यात एक मामेसासरे असतात. ते भांडणात उशिरा येतात आणि दोघांचंही बरोबर आहे असं सांगून जातात. त्यांनी लिहिलं की पृथ्वी दुरून गोल आहे, जवळून सपाट आहे आणि भक्तिभावाने पाहिली तर माता आहे. मला हसू आलं, पण नंतर कळलं की मामांची परंपरा फार थोर आहे. हाच वाद मराठीत छापील स्वरूपात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. भोपाळजवळ सिहोरला लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्या पाठशाळेतले पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक काढलं. पुराणातली पृथ्वी, म्हणजे मध्ये मेरू, भोवती द्वीपं आणि त्यांच्यामध्ये उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र. मग सिद्धान्तांतली गोल पृथ्वी. आणि मग कोपर्निकसची फिरणारी. तिन्ही शेजारी शेजारी मांडून त्यांनी विचारलं, सांगा काय पटतं?

पुण्यात खळबळ झाली. पुण्यात व्हायचीच. तिथल्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी उत्तर लिहिलं. त्याचं नाव 'अविरोधप्रकाश'. म्हणजे पुराण आणि सिद्धान्त यांच्यात विरोध नाहीच, दोघांचंही बरोबर आहे! त्यावर सुबाजी बापूंनी 'अविरोधप्रकाशविवेक' लिहिला. विरोध आहे की नाही यावर विरोध, आणि त्याच्यावर पुन्हा पुस्तक. फरक एवढाच की तेव्हा उत्तर द्यायला छापखान्यात जावं लागायचं, त्यामुळे शुद्धलेखन बरं असायचं. मामेसासऱ्यांचं नाव मी तेव्हापासून मनातल्या मनात 'अविरोधप्रकाश' ठेवलंय. दह्याच्या समुद्राबद्दल मात्र मला आकस नाही. उन्हाळ्यात चाळीसगावला जाऊन आलेल्या कुणालाच नसेल.

पण या सगळ्या वाचनात मला खरा भेटला तो आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनच्या बरोबरीने ज्याने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला तो हा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून जिवंत आला, मलाया द्वीपसमूहात आठ वर्षं हिंडला, हिवतापाला पुरून उरला. आणि एका सपाटवाल्याने त्याला पंधरा वर्षं रडवलं.

झालं असं. इंग्लंडच्या पूर्वेकडे ओल्ड बेडफर्ड नावाचा सरळसोट पाण्याचा पाट आहे. १८३८ साली सॅम्युएल रोबॉथम नावाच्या गृहस्थाने त्या पाटात उतरून, पाण्यालगत डोळा लावून, सहा मैल दूर गेलेली होडी पाहिली. पृथ्वी गोल असती तर ती वाकणाखाली दडायला हवी होती. दिसली, म्हणून पृथ्वी सपाट! पाण्यालगतची थंड हवा उजेडाला वाकवते आणि दडलेलं वर उचलून दाखवते, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मग त्याने टोपणनाव घेऊन गावोगाव तिकीट लावून व्याख्यानं दिली. लोक पैसे देऊन ऐकायला जात. आपले साडूभाऊ फुकट सांगतात याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं.

रोबॉथमचा एक चेला, जॉन हॅम्प्डेन, याने १८७० साली जाहीर पैज लावली. पाणी वाकतं हे दाखवा आणि पाचशे पौंड घेऊन जा. वॉलेसला पैशांची चणचण होती. शिवाय तरुणपणी तो जमीनमोजणीदार होता, म्हणजे पातळी काढणं हाच त्याचा पहिला धंदा. त्याने थोर भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांना विचारलं, घेऊ का पैज? लायेल म्हणाले, घे, एकदा दाखवून दिलं म्हणजे या लोकांची तोंडं बंद होतील. चाळीसगावात एकही सासुरवाडी नसलेल्या माणसाचा हा सल्ला.

५ मार्च १८७० रोजी त्याच पाटावर सगळे जमले. वॉलेसची मांडणी अशी सुरेख होती की साडूभाऊंनीही तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. सहा मैलांवरच्या दोन पुलांपैकी एकावर पाण्यापासून सुमारे १३ फुटांवर दुर्बीण, दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर काळी रेघ, आणि बरोबर मध्ये तेवढ्याच उंचीवर खांबाला लावलेली तांबडी चकती, तिच्याखाली चार फुटांवर दुसरी. पाणी सपाट असेल तर तिन्ही एका रेषेत दिसतील. पाणी वाकत असेल तर मधली चकती वर उचललेली दिसेल.

दुर्बिणीतून मधली चकती वर उचललेली दिसली.

मग हॅम्प्डेनच्या बाजूचे पंच, विल्यम कार्पेंटर, यांनी दुर्बिणीत पाहिलं आणि आनंदाने उडीच मारली. त्यांच्या मते चकत्या आणि रेघ सारख्या अंतराने एकाखाली एक दिसत होत्या, त्यामुळे पाणी सपाट असल्याचं साफ सिद्ध झालं होतं! एकच दुर्बीण, एकच चकती, आणि दोन्ही पक्ष एकाच वेळी जिंकल्याच्या आनंदात. खुद्द हॅम्प्डेनने तर दुर्बिणीला डोळाच लावला नाही. माझा माझ्या पंचावर विश्वास आहे, म्हणाला. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत बसलो. मी ग्रुपवर जे आकडे फेकत होतो, त्यातला एकही मी स्वतः मोजलेला नव्हता. दुर्बिणीला डोळा न लावणारा तो माणूस मला फारच ओळखीचा वाटला.

पुढची गोष्ट तर थेट आपल्या काळातली आहे. शेवटी पंच म्हणून 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक वॉल्श यांनी निकाल वॉलेसच्या बाजूने दिला आणि पैसे दिले. हॅम्प्डेनने वॉलेसच्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना, तो ज्या ज्या संस्थांचा सभासद होता त्या सगळ्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. चोर, लबाड, ठग. वॉलेसच्या बायकोला लिहिलं की नवऱ्याला एक दिवस डोकं फुटलेलं घरी आणतील. बदनामीबद्दल तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा लिहायला बसला. ब्लॉक करायची सोय नव्हती, टपालखातं सगळं इमानेइतबारे पोचवत होतं. वर १८७६ साली कोर्टाने सांगितलं की पैज कायद्याने वसूल होत नाही, त्यातून पैसे वॉलेसच्या हाती पडण्यापूर्वीच हॅम्प्डेनने ते परत मागितले होते, म्हणून त्याचे पाचशे त्याला परत करा. (आपल्याकडेही १८७२च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमाने पैज रद्दबातलच आहे. हे साडूभाऊंना माहीत होतं, ते पुढे येईल.) वॉलेसने म्हातारपणी आत्मचरित्रात हिशेब मांडला: पंधरा वर्षांचा मनस्ताप आणि शेकडो पौंडांचा फटका. पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध करून माणूस बुडाला.

मी ही सगळी कथा ग्रुपवर लिहिली. एकोणतीस संदेशांत. साडूभाऊंचं उत्तर आलं, "म्हणजे कोर्टाने सपाटवाल्याला पैसे दिले ना?"

इतक्यात आमचा भाचा, मेव्हण्याचा मुलगा, सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, अचानक बोलला. एरवी तो या ग्रुपवर जिवंत असल्याचीही खूण देत नाही. त्याने पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकला. लेव्हलिंगच्या धड्यात पृथ्वीच्या वक्रतेची दुरुस्ती दिलेली होती. उजेडाच्या वाकण्याची वजाबाकी करून एक किलोमीटरला पावणेसात सेंटिमीटर. अंतर दुप्पट झालं की चौपट. "काका, हे तुम्हालाही असेल ना डिप्लोमाला?"

साडूभाऊ पूर्ण दीड दिवस गप्प होते. मग त्यांचा थेट मला फोन आला, ग्रुपवर नाही. "होतं," ते म्हणाले. "पण लागलं नाही कधी. आमचे साहेब सांगायचे, डंपी लेव्हल मधोमध लावा, बॅकसाइट आणि फोरसाइट सारख्या अंतरावर ठेवा, म्हणजे सगळ्या चुका आपोआप जातात. कुठल्या चुका ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही." थोडं थांबले. "म्हणजे तीस वर्षं मी रोज तीच चूक उडवत होतो म्हणता?"

मी "हो" म्हणालो. या वेळचा 'हो' जरा बरा लागला असावा. ते म्हणाले, "मग माझ्या पाइपलाइनी सपाट पृथ्वीवरच पडल्या की!" आणि फोन ठेवला. या म्हणण्यात काहीतरी चूक आहे हे मला कळतं, पण ती कुठे आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही. एक मात्र उमगलं. सासूबाईंनी तीस वर्षं दोन्ही जावयांना नेमक्या सारख्या अंतरावर ठेवलं आहे. दिवाळीला दोघांना सारखाच टॉवेल, धोंड्याच्या महिन्यात सारखीच चांदीची वाटी. दोघांतल्या चुका एकमेकांत उडून जातात आणि घराची पातळी बरोबर निघते. त्यांनी कुठलाही डिप्लोमा केलेला नाही.

वादाचा उपयोग नाही हे तोवर मला कळलं होतं. अमेरिकेतल्या सपाटवाल्यांनी वीस हजार डॉलरचा लेसर जायरोस्कोप आणला, पृथ्वी फिरत नाही हे दाखवायला. यंत्राने तासाला बरोबर पंधरा अंश दाखवले, म्हणजे चोवीस तासांत पूर्ण फेरी. ते म्हणाले, यंत्रात आकाशातलं काहीतरी शिरतंय, त्याला बिस्मथ धातूचं आवरण घालू. 'बिहाइंड द कर्व्ह' या २०१८च्या माहितीपटात हे सगळं आहे. डिसेंबर २०२४मध्ये कोलोरॅडोच्या एका पाद्र्याने सपाटवाले आणि गोलवाले दोघांनाही सरळ अंटार्क्टिकाला नेलं. तिथे उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही, आणि परातीच्या काठावर ते जमण्यासारखं नाही. एका प्रसिद्ध सपाटवाल्याने ते बघून कबूल केलं, चुकलो. घरी राहिलेल्या सपाटवाल्यांनी लगेच ठरवलं की तो विकला गेला, पाठीमागे हिरवा पडदा होता. म्हणजे बर्फाच्या भिंतीपर्यंत जाऊन 'चुकलो' म्हणालात तरी आपली माणसं तुम्हाला ग्रुपमधून काढतात. असं असताना नाशकातला माणूस घरबसल्या कसा म्हणेल?

तरी मी पैज घेतली. शहाणपण वाचून येत नाही. जानेवारीत मेव्हण्याने सगळ्यांना दापोलीजवळ मुरुडला न्यायचं ठरवलं होतं. समुद्र होता, हर्णैच्या बोटी होत्या, भाच्याकडे दुर्बीण होती. हरणाऱ्याने सगळ्या ग्रुपला वांग्याच्या भरताची पार्टी द्यायची, कळण्याच्या भाकरीसकट. भाकरी सपाट असते हा विनोद साडूभाऊंनी त्यात लगेच करून घेतला. पंच सासूबाई. त्यांनी अट घातली की निकाल काहीही लागो, वांगी त्या निवडणार.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बोटी पाहिल्या. उभ्या माणसाच्या डोळ्याला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं, दहा किलोमीटरवरच्या बोटीचा खालचा दोनेक मीटर भाग दडायला हवा. दुर्बिणीत काठी दिसत होती, झेंडा दिसत होता, केबिन दिसत होती आणि तिच्याखाली थेट पाणी. परभणीच्या वर्गात पाठ केलेलं ते वाक्य पंचेचाळीस वर्षांनी माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होतं. माझ्या अंगावर काटा आला. साडूभाऊंनी दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "लाटेमागे आहे." सूर्यही त्या दिवशी पाण्याला टेकायच्या आधीच धुरकटात विरघळला. "बघा," ते म्हणाले, "मावळला नाही, लांब गेला."

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ निघालं. मी शेवटचा हुकमी एक्का काढला. वाळूत पालथं झोपायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. सूर्याचा शेवटचा ठिपका बुडाला की ताबडतोब उभं राहायचं. पृथ्वी गोल असेल तर उभ्या माणसाला क्षितिजापलीकडे जरा जास्त दिसतं, त्यामुळे बुडालेला सूर्य पुन्हा एकदा दिसतो आणि पुन्हा एकदा मावळतो. त्यासाठी मिळतात दहा-अकरा सेकंद. गणित मी तीन वेळा तपासलं होतं. माझी कंबर त्या गणितात धरलेली नव्हती.

आम्ही दोघे साडू शेजारी शेजारी पालथे पडलो. मागे सगळं माहेर उभं. भाचा मोबाइल धरून तयार. सूर्य तांबडा झाला, चपटा झाला ("बघा, चपटा," साडूभाऊ पुटपुटले), मग नख, मग ठिपका, मग गेला.

"उठा!" मी ओरडलो.

साडूभाऊ उठले. पहाटेची योगासनं. भुजंगासनातून थेट ताठ, चार सेकंदांत. मी एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, हात वाळूत रुतवले, आणि पाठीत जी कळ आली तिच्यासकट पुन्हा होतो तिथे आलो. तोंडात वाळू. वर साडूभाऊ निश्चल उभे होते, क्षितिजाकडे पाहत, कपाळावर हात आडवा धरून. त्यांच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड होता का, हे मला खालून नीट दिसत नव्हतं.

"दिसला का?" मी विचारलं.

ते बोलले नाहीत. चांगले दहाएक सेकंद. मग हात खाली आला, वाकून त्यांनी मला काखेत धरलं आणि ओढून उभं केलं. समुद्र करडा झालेला होता.

"साडूभाऊ, दिसला का?"

"उभं राहता येतंय का आधी सांगा," ते म्हणाले. आणि परतीच्या वाटेवर आपण होऊन, "करार कायदा, कलम ३०. पैज रद्दबातल. पण भरीत मी देतो. तुमच्याने आता वाकवत नाही, वांगी भाजणार कोण?"

त्यांना काय दिसलं ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला विचारून बायकोनेही पाहिलं. रात्री मी शेकत पडलो असताना ग्रुपवर फोटो आला. भाच्याचा मोबाइल क्षितिजाकडे नव्हता, माझ्याकडे होता. अथांग समुद्र, वर केशरी आकाश आणि मध्ये मी, हातपाय पसरून वाळूत आडवा. खाली साडूभाऊंची ओळ: 'पृथ्वीचं नक्की सांगता येत नाही, साडूभाऊ मात्र सपाट आहेत.'

एकतीस अंगठे. मामेसासऱ्यांनी लिहिलं, दोघांचंही बरोबर आहे. सासूबाईंनी हात जोडले.